तानुबाईची फुंक

"सोड."

"तुम्ही सोडा."

"मी नवरा शे तुना."

"म्हनीसनच सांगस, सोडा. दुसरा कोनी ऱ्हाता ते सांगती बी नई."

मी फुंकणी बोलतेय. माझं एक टोक झुलाल आबांच्या मुठीत आहे, दुसरं त्यांच्या बायकोच्या, तानुबाईच्या, आणि मी मधल्या मध्ये आडवी लोंबकळतेय. आज आखाजी, म्हणजे तुमची अक्षय तृतीया. परसातली चूल एव्हाना धडधडायला हवी होती, ती नुसती धुमसतेय. चुलीवर भलंमोठं मातीचं खापर पालथं घातलंय. परातीत पुरण तयार आहे, ओल्या फडक्याखाली कणीक मुरतेय, पितरांचा नैवेद्य बारापर्यंत जायचाय. सून मंदा हाताला तेल लावून नुसतीच उभी आहे. आणि बाजेवर धुळ्याच्या डॉक्टरीणबाई बसल्यात. लिहावं की उठून मध्ये पडावं, हे त्यांना ठरवता येत नाहीये.

मध्ये पडू नये. मी या घरात आल्यापासून बारा वर्षं या दोघांच्या भांडणात जो कोणी मध्ये पडला, तो दोघांकडूनही बोलणी खाऊन गेला. मला मध्ये धरलंय, माझा इलाज नाही. यातलं कुणी लवकर सोडणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तोवर माझी हकिकत सांगून घेते. मला कुणी शाळेत घातलेलं नाही. जे शिकले ते चुलीच्या तोंडाशी बसून शिकले. तेव्हा बोलणं थोडं धुरकट असेल, पण खोटं नसेल.

मला पहिली शुद्ध आली ती सावद्याच्या केळीबागेत. तेव्हा मी फुंकणी नव्हते. विहिरीचं पाणी बागेत नेणाऱ्या लांबलचक लोखंडी नळीचा मी एक भाग होते. पोटातून दिवसभर गार पाणी वाहतंय, अंगावर केळीच्या पानांची सावली आहे, असं माझं बालपण लाडात गेलं. मालकाचं नाव चुडामण. सकाळी बागेत आला की आधी माझ्यावर थाप मारायचा, आणि मग केळीकडे बघायचा.

मग प्लास्टिक आलं. काळा, हलका पाइप. चुडामणने माझ्यावरच पाय देऊन त्याचे गुण गायले. म्हणे गंजत नाही, म्हणे एका माणसाला उचलतो, म्हणे जळगावात आता सगळे हाच घेतात. माणसांची ही खोड मी तेव्हाच ओळखली. नवी आणली की तिचं कौतुक जुनीला ऐकू जाईल अशा बेतानेच करतात.

आम्हाला उपटलं, जळगावच्या भंगारात टाकलं. तिथून एका लोहाराने उचललं आणि हातभर लांबीचे तुकडे केले. माझं एक तोंड तापवून, ठोकून निमुळतं केलं. दुखलं म्हणणार नाही. लोखंडाला रडायची सोय नसते. पण ज्या पोटातून पाणी जायचं त्यातून आता वारा जाणार, हे कळायला मला थोडे दिवस लागले. लोटन नावाच्या विक्रेत्याने आम्हा बहिणींची मोळी बांधली, एस.टी.च्या टपावर टाकली, आणि साक्रीच्या बाजारात गोणपाटावर मांडली.

तिथे मला तानुबाई भेटली.

तिने मला उचललं, डोळ्याला लावून आरपार सूर्य पाहिला, आणि विचारलं की मध्ये कुठे फुटली तर नाही ना. लोटन तळहातावर तंबाखू मळत होता. न बघताच म्हणाला, फुंकून पाहा की बाई. तानुबाईने मला तोंडाला लावलं, नेम धरला तो थेट त्याच्या तळहातावर, आणि फुंकलं.

काय फुंक होती ती! तंबाखूचा एक कण त्याच्या हातावर राहिला नाही. सगळी जाऊन शेजारणीच्या लाल मिरचीच्या ढिगावर बसली. मिरचीवाली लोटनशी भांडायला उठली, लोटन तानुबाईशी, आणि तानुबाई म्हणाली, "फुकनी चांगली शे, दे." केळीच्या बागेत माझ्या पोटातून विहिरीचं पाणी गेलं होतं, पण एका दमात असा जोर मी तोवर पाहिला नव्हता. मी तेव्हाच ठरवलं, आपण या बाईच्या घरी नांदायचं.

आणि नांदले. पहाटे ती चुलीशी बसायची, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या रचायची, मला तोंडाला लावायची. फूंऽऽऽ. एकच. जाळ खालून वर असा उठायचा की मांजर अंग चोरायचं. तो आवाज स्वैपाकघरातून निघून, उंबरा ओलांडून, ओट्यावरच्या बाजेपर्यंत जायचा. बाजेवर झुलाल आबा. कोंबडा आरवला तर ते कूस बदलायचे, मुलाने, पितांबरने, हाक मारली तर पांघरूण ओढायचे, पण माझा फूं ऐकला की उठून बसायचे. चहा येणार, हे त्यांना कळायचं.

आणि तानुबाई गायची. चैत्र लागला की आखाजीची, गौराईची, झोक्याची गाणी तिच्या तोंडात असायची. एक फुंक, एक ओळ. एक फुंक, एक ओळ. माझ्यातून जाळाला वारा आणि तिच्या तोंडून गल्लीला गाणं, असा आमचा दुहेरी धंदा होता. त्याशिवाय माझी किरकोळ कामं पुष्कळ होती. आबांची पाठ खाजवायला मी, कुत्र्याला नुसती दाखवायला मी, आणि भांडताना समोरच्याकडे रोखायलाही मीच. मारलं मात्र तिने मला घेऊन कधी कुणाला नाही. रोखलं की पुरायचं.

मग खोकला आला. आधी तो पाहुण्यासारखा आला. थंडीत यायचा, होळीला परत जायचा. पुढे पुढे होळीला जायचं विसरला. मग राहायलाच आला.

माझा फूं आखूड झाला. एकाचे दोन झाले, दोनाचे चार. तानुबाईने डाव्या हाताने सुपाने वारा घालायला सुरुवात केली, आणि उजव्या हाताने मला तोंडाशी धरून ठेवलं. घरच्यांना वाटायचं, फुंकतेय. मला तर माहीत होतं ना! माझ्यातून वाराच येत नव्हता. ती माझ्या आडोशाने दम खात होती. पाण्याची कळशी घेऊन विहिरीवरून आली की आधी चुलीशी बसायची, मला तोंडाला लावायची आणि डोळे मिटून घ्यायची. फुंकणाऱ्या बाईला कुणी हटकत नाही. बाईने नुसतं बसलेलं मात्र घरात कुणाला चालत नाही, आणि तानुबाईला तर स्वतःलाच चालायचं नाही.

गाणं कधी थांबलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. गाणं थांबल्याचा आवाज होत नाही.

आबांचाही दम गेला होता, बिड्यांनी. पण आबांचा खोकला म्हणजे गावजेवण. ओट्यावर बसून, चार माणसं जमवून, प्रत्येक उबळीनंतर सगळ्यांकडे बघून घेत ते खोकायचे. तानुबाई पदर तोंडात धरून खोकायची, तोही चुलीत लाकूड सारल्याचा आवाज करून.

असं का, तेही सांगते. पितांबर धुळ्याला नोकरीला; त्याची बायको मंदा इकडे गावीच. त्याने घरी गॅसची शेगडी आणून ठेवली होती. तानुबाईने तिचा मान राखला, म्हणजे तिच्यावर फक्त पाहुण्यांचा चहा केला. पितांबर चिडून म्हणाला होता, एकदा डॉक्टरने तुझी छाती बिघडली म्हणून सांगू दे, ही चूल मी फोडतो आणि तुला धुळ्याला घेऊन जातो. तिसऱ्या मजल्यावर राहायचा तो. तेव्हापासून तानुबाईची छाती ठणठणीत होती. चूल गेली तर खापर गेलं, खापर गेलं तर आखाजीचे मांडे गेले. मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण त्याला पोळपाट नाही की लाटणं नाही. पुरण भरलेला गोळा हातावर झुलवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि अलगद खापरावर टाकायचा. गल्लीत एवढा पातळ मांडा टाकणारी ती एकटी उरली होती. मग उरलं काय? धुळ्याच्या तिसऱ्या मजल्यावरची एक म्हातारी.

लातूरकडे भूकंप झाला, त्या वर्षीच्या थंडीत धुळ्याहून डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, चष्मा, खांद्याला पिशवी. ओट्यावर बसून त्यांनी सगळ्यांना समजावलं. छातीचा जुना आजार औषधाने पुरता जात नाही, म्हणून त्यांना दोन गोष्टी मोजायच्या होत्या. एक म्हणजे श्वासात जोर किती उरलाय. दुसरी, हा आजार माणसाच्या दिवसातून काय काय काढून घेतो. चालणं, झोप, काम, हौस. पहिल्याला नळी होती. दुसऱ्याला प्रश्न होते.

त्यांनी पिशवीतून नळी काढली.

प्लास्टिकची! पुन्हा प्लास्टिकच! पांढरीशुभ्र, वीतभर, अंगावर आकडे गोंदलेले आणि लाल काट्याचा नखरा. एका टोकाला तोंड लावून फुंकायचं की काटा पुढे सरकायचा. जाळ नाही, राख नाही, काही नाही. नुसतं फुंकायचं, म्हणजे कौतुक. सगळं गाव ओट्याशी रांग लावून उभं. पैलवानकी केलेला पुना नावाचा गडी छाती फुगवून पुढे आला, आणि एवढ्या जोराने फुंकला की त्याची टोपी मागे पडली. पोरीबाळी हसल्या. मला बाई चीड आली. मी बारा महिने तेरा काळ जाळ पेटवला तेव्हा कुणी रांग लावली नव्हती.

झुलाल आबा फुंकले, काटा निम्म्याच्या जवळ आला. तानुबाई फुंकली. काटा हलल्यासारखा झाला आणि तिथेच बसला.

"ह्यानं भोक बुजेल शे," तानुबाई म्हणाली, आणि नळी उलटी करून झटकली.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा फुंकायला लावलं, आणखी एकदा लावलं. काटा जागचा हलेना. त्यांनी चष्म्यावरून तानुबाईकडे पाहिलं. मग प्रश्न काढले.

प्रश्न परदेशातून आले होते. कुणीतरी त्यांचं मराठी केलं होतं, पण त्यांचं सामान तिकडचंच होतं. एक मजला जिना चढताना दम लागतो का? तानुबाई म्हणाली, "आमना घरले जिनाच नई, ते दम कोठे लागी?" म्हणजे त्रास नाही. लोकांसमोर खोकला आला तर संकोच वाटतो का? तिने विचारलं की मी काय कुणाची चोरी केलीय? म्हणजे संकोच नाही. घरकाम सोडावं लागतं का? रात्री झोपमोड होते का? आजारामुळे घरच्यांना तुमचा त्रास वाटतो का? त्यावर तिने मान वर करून, मंदाकडे न बघता सांगितलं, "बठ्ठं बरं शे. माले काय बी व्हयेल नई."

यात थोडं खोटं होतं आणि थोडी रीत होती. परक्या बाईसमोर 'माझ्याने होत नाही' म्हणायचं, म्हणजे सून करत नाही असं गावाला सांगणं. कुणी बरी बाई असं बोलत नाही. या गल्लीत मरणाच्या दारातली म्हातारीसुद्धा कशी आहेस विचारलं तर बरी आहे म्हणते. डॉक्टरीणबाईंचा प्रश्न आजाराला होता, तानुबाईने उत्तर दिलं ते घराण्याच्या वतीने.

आबांनी मात्र घराणं वगैरे मनात आणलं नाही. अंघोळीला वेळ लागतो का? फार लागतो, म्हणूनच मी ती रोज करत नाही. खेळ खेळताना दम लागतो का? पत्ते पिसताना लागतो. मागून मंदा खुदकन हसली. जड वस्तू उचलता येते का? आबांनी पाण्याच्या तांब्याकडे असं बघितलं, की डॉक्टरीणबाईंनीच तो उचलून त्यांच्या हातात दिला. प्रत्येक प्रश्नाला ते 'फार' म्हणाले. प्रश्न संपले तेव्हा आणखी आहेत का, असंही विचारलं.

आबांना औषधाचा पंप मिळाला, तोंडात धरून ओढायचा. तानुबाईला बाईंनी बजावलं, की आजी, तुमचं तोंड एक सांगतं आणि काटा दुसरंच सांगतो, तुम्ही धुळ्याला येऊन नीट तपासून घ्या. तानुबाई 'व्हई', म्हणजे हो, म्हणाली. जायचं नाही असं ठरलं की तिच्या तोंडून 'व्हई' फार गोड निघतं.

बाई एस.टी.त चढल्या, तेव्हा आबांनी खिडकीखालून विचारलं, आम्हाला किती पडले? बाईंनी बेरीज करून ठेवलेली होती. त्यांनी आबांचे अडुसष्ट सांगितले, आजींचे अकरा. पुढचं काही बोलणार, तोवर गाडी निघाली.

आणि त्या न सांगितलेल्या पुढच्या बोलण्याने सहा महिने आमच्या घराचा जीव खाल्ला.

शंभरात अडुसष्ट! आबा जन्मात कधी दुसरीच्या पुढे गेले नव्हते. पारावर जाऊन सांगितलं, "मी पास व्हयनू." बायको अकरावर नापास. धुळ्याची परीक्षा, परदेशातला पेपर. लोकांनी चहा मागितला, तो त्यांनी पाजला. घरी तानुबाईने भाकरीत मीठ कमी-जास्त केलं की म्हणायचे, अकरा गुणवालीकडून आणखी काय होणार. ती मला त्यांच्यावर रोखायची, म्हणायची की मास्तरीण तुम्हाला फितूर होती. दुपारी एकटी असली की मात्र माझ्याशी बोलायची. सगळी उत्तरं बरोबर दिली गं, म्हणायची, मग कापले कुठे? मी काय सांगणार! माझ्या लोखंडी पोटात तिचं खरं उत्तर रोज सकाळी येत होतं. ते कुणी मला विचारलं नव्हतं.

सहा महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे असतात म्हणे. एकच प्रश्न, त्याच शब्दांत, सगळ्यांना. बदलला की मोजमाप मोडतं. म्हणून डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या, आणि नेमक्या आज, आखाजीला. त्या नोकरीपुरत्या धुळ्याच्या, त्यांना बिचाऱ्यांना इकडे हा केवढा सण ते माहीत नव्हतं. तानुबाईने त्यांना परसात बाज टाकून दिली, आणि जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणून सांगितलं. घरात धूर कोंडतो म्हणून मांडे नेहमीच बाहेर होतात. खापर चुलीवर चढलं. पोरी कडुनिंबाला झोके बांधत होत्या. आबा नवं धोतर नेसून, आखाजीच्या डावासाठी पत्ते खिशात टाकून निघाले होते, पण त्यांना आधी गुण वाढवून हवे होते.

तेव्हा बाईंनी सांगितलं. जितके जास्त, तितका आजार जास्त. शून्य म्हणजे सगळ्यात चांगलं.

आबा उभे होते ते बाजेच्या कडेवर बसले. तानुबाई हसली. खूप दिवसांनी हसली, आणि हसता हसता खोकली. म्हणाली, म्हणजे मी पहिली. सगळ्या गल्लीत मी पहिली, आणि हा मनुष्य शेवटून. मंदा तोंडात पदर घालून वळली. पारावर काय सांगायचं, या काळजीने आबांचा चेहरा खापरासारखा काळा पडला.

"पण आजी," बाई म्हणाल्या, "आबांचा काटा तुमच्या कितीतरी पुढे जातो. आबा बिचारे खोटं बोलले ते वाढवून बोलले. तुम्ही किती झाकून बोललात?" बाई कागदाकडे न बघता पुढे म्हणाल्या, की तुम्हाला 'नाही' म्हणायचं असेल तर म्हणा, मी तसंच लिहीन, पण मग औषध कुणाला द्यायचं ते मला कळणार नाही.

तानुबाई म्हणाली, माझं उत्तर तेच. बघा, म्हणाली, आता जाळ करून दाखवते. बसली चुलीशी. मला उचललं, तोंडाला लावलं.

आणि मी वाट पाहिली.

फु. मग काही नाही. पुन्हा फु. राख उडाली, तिच्याच डोळ्यात गेली. पऱ्हाटी धुमसली. मग उबळ आली, ती थांबेचना. मंदा धावली. "आत्याबाई, राहू द्या ना, मी करते." तानुबाईने तिला कोपराने मागे सारलं आणि मला पुन्हा तोंडाशी नेलं. तेवढ्यात बाजेवरून आबा उठले. पाण्याचा तांब्या ज्यांना उचलत नव्हता, ते झुलाल आबा अंगण ओलांडून आले आणि त्यांनी माझं दुसरं टोक धरलं.

आलो आपण जिथून निघालो तिथे.

अजून दोघांनीही सोडलेलं नाही. आबा म्हणतात ऊठ, मंदाला बसू दे. तानुबाई म्हणते, मंदाचा मांडा फाटतो. मंदा खाली बघून म्हणते, फाटतो. आबा म्हणतात, मग यंदा गॅसवर पोळ्या होऊ देत. तानुबाई वर आभाळाकडे बोट करून विचारते, की वर वाट बघत बसलेल्या तुमच्या बापाला आणि आजाला आखाजीच्या दिवशी मी गॅसवरची चपाती दाखवू?  आबांच्या बापाचा स्वभाव सगळ्या गावाला माहीत होता.

मग आबांनी आवाज खाली आणला. माझ्या टोकावरचा हातही जरा सैल झाला. सोडला नाही, सैल झाला.

"आयक," ते म्हणाले. "त्या नळीनं मोजो का नको मोजो, मी रोज कानवरी मोजस. तुनी फूं आयकीसन मी उठस. आधी ती बाजपावत ये. मंग उंबरापावत. आते उंबरापावत बी येत नई, मी जागा ऱ्हाईसन वाट देखस. ज्या दिन ती बंद व्हयी, त्या दिन मी कसावर उठू?"

 झोक्यावरच्या पोरी पाय टेकून थांबल्या. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मला, खरं सांगते, लाज वाटली. मला वाटत होतं की या घरात तिचा दम फक्त मलाच ठाऊक आहे. ओट्यावर एक माणूस मी रोज काय बोलते ते ऐकत होता, आणि मी त्याला नुसतं चहाची वाट बघणारा समजत होते.

तानुबाईने त्यांच्याकडे बघितलं नाही. चुलीकडे बघितलं, खापराकडे बघितलं, मग कितीतरी वेळ माझ्याकडे बघितलं. आणि एक वाक्य बोलली. त्या वाक्याने भांडण मिटलं. ते मी सगळ्यात शेवटी सांगणार आहे, कारण त्याच्यापुढे मला काही बोलता येणार नाही. त्या आखाजीला आता काही वर्षं झाली, तेव्हा आधी माझं आताचं सांगून घेते.

चूल फुटली नाही. डॉक्टरीणबाईंनी पितांबरला समजावलं की म्हातारीला तिसऱ्या मजल्यावर नेऊ नको, धुराला बाहेर काढ. घरातल्या चुलीवर आता धुराडं आहे, आणि रोजचा चहा मंदा शेगडीवर करते. चव नाही असं तानुबाई रोज म्हणते, आणि रोज दोन कप पिते. तिला तिचा स्वतःचा पंप मिळाला. तो माझ्याच कोनाड्यात असतो. सवत म्हणायला हवी त्याला, प्लास्टिकच आहे. पण सकाळी तिने तो ओढला की तिच्या छातीतली शीळ कमी होते, हे मी शेजारी बसून ऐकते, म्हणून मी त्याला जागा दिली. तिचे गुण आता अकरावरून बरेच वर गेलेत. खरं बोलायला लागली ना! गल्लीत विचारलं तर अजूनही सांगते, बरी आहे. पण डॉक्टरीणबाई आल्या की सांगते, दम लागतो, पाणी मंदा आणते, आणि गाणं होत नाही. गाण्याचा प्रश्न त्यांच्याकडे छापलेला नाही. बाई तरी तो विचारतात. बेरजेत धरत नाहीत, नुसता विचारतात.

माझं म्हणाल तर मला आता फारसं काम नाही. गंज चढतोय, निमुळत्या तोंडाशी एक चीर पडलीय. हिवाळ्यात भरिताची वांगी भाजताना मला एखाददुसऱ्या वेळी काढतात. आणि वर्षातून एकदा, आखाजीला, मला घासून पुसून परसात नेतात. तेव्हा सगळी गल्ली कुंपणाशी येऊन उभी राहते. बायका हसू दाबतात, पुरुष दाबत नाहीत. माझा आवाज तेव्हा पहिल्यासारखा निघत नाही. फुर्र होतो, थांबतो, मध्ये पुटपुटल्यासारखा होतो. पण जाळ होतो. आणि चुलीशी बसलेली तानुबाई, फुंकायला लागत नाही म्हणून उरलेल्या दमात, मांडा हातावर झुलवताना एखादी ओळ म्हणते. कधी अर्धीच म्हणते. उरलेली अर्धी झोक्यावरच्या पोरी पुरी करतात.

जाता जाता एक सांगते, आणि हे मी हात जोडून वगैरे सांगणार नाही, मला हात नाहीत. तुमच्या घरात फुंकणी असली तर तिचा आवाज ऐकत जा. कुणी बाई तिला तोंडाला लावून नुसतीच बसली असेल, तर तिला कशी आहेस असं विचारू नका. बरी आहे असंच सांगेल. जवळ जा, आणि दुसरं टोक धरा.

तर त्या आखाजीला परसात खापर तापायचं थांबलं होतं, आणि तानुबाईने माझ्यावरची मूठ उघडली. मी झुलाल आबांच्या हातात अख्खीच्या अख्खी गेले. मग तिने ओलं फडकं बाजूला केलं, कणकेचा पहिला गोळा घेतला, त्यात पुरण भरलं, आणि कुणाकडेही न बघता म्हणाली,

"मंग फुका तुम्हीच, मांडा मी टाकसू."